वॉरंटीत डिस्क बदलली, पण लॅपटॉप कोराच हातात दिला

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
लॅपटॉप विभाग

विषय : वॉरंटीत बदललेल्या डिस्कवर (एसएसडीवर) मूळ विंडोज बसवून देण्यास नकार

महोदय,

आपल्या कंपनीचा लॅपटॉप मी सांगलीतल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतला. बिलावर 'विंडोज ११ होमसह' असे स्पष्ट छापलेले आहे. वॉरंटी चालू असतानाच एसएसडी बंद पडली. सेवा केंद्राने ती खळखळ न करता बदलून दिली, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्यानंतरची आहे.

बदललेली डिस्क पूर्ण कोरी होती. विंडोज कुठे गेले असे विचारले, तर काउंटरवरून उत्तर आले, "मॅडम, वॉरंटी हार्डवेअरची असते. ओएस (म्हणजे विंडोज) टाकून पाहिजे तर लायसन्स आणि इन्स्टॉलेशनचे अडीच हजार होतील." मी नकार दिला. माझ्या मागे उभ्या असलेल्या आजोबांनी मात्र मुकाट्याने पैसे मोजले.

लायसन्सचे पैसे कसले? विंडोज ८ पासून लॅपटॉप बनवतानाच विंडोजची की (लायसन्सचा क्रमांक) मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, घातलेली असते. डिस्क बदलली म्हणून ती जात नाही. माझा मदरबोर्ड तोच आहे. जे मी आधीच विकत घेतले आहे, तेच मला पुन्हा विकले जात होते.

खोक्यात विंडोज पुन्हा बसवण्याची रिकव्हरी डिस्क नव्हतीच. आपल्या पुस्तिकेत लिहिले आहे की लॅपटॉप सुरू होताना ठरावीक फंक्शन की दाबावी, म्हणजे तो फॅक्टरी सेटिंगवर परत जाईल. पण त्यासाठी लागणारी सगळी सामग्री त्याच एसएसडीवरच्या लपवलेल्या भागात (पार्टिशनमध्ये) होती. डिस्क मेली तेव्हा तीही गेली. ज्या बिघाडात रिकव्हरीची खरी गरज लागते, नेमक्या त्याच बिघाडात ही सोय निरुपयोगी ठरते, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

शेवटी मी घरीच प्रयत्न केला. भावाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज बसवण्याचा सेटअप तयार केला. तो सुरूही झाला, पण डिस्क निवडायच्या पडद्यावर यादीच रिकामी! या मॉडेलमध्ये ११व्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे आणि बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) चालू ठेवलेले आहे. त्यामुळे इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर दिल्याशिवाय सेटअपला एसएसडी दिसतच नाही. आपल्या संकेतस्थळावर हा ड्रायव्हर आहे, पण ईएक्सई स्वरूपात, म्हणजे आधी विंडोज चालू असेल तरच उघडणारा. मग इंटेलकडून मूळ फाइल उतरवून, भावाच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टमधून तिच्यातले ड्रायव्हर सुटे काढले, पेनड्राइव्हवर टाकले, तेव्हा कुठे डिस्क दिसली.

पुढे सेटअपने इंटरनेट मागितले. वाय-फायचा ड्रायव्हर नाही, लॅनचे पोर्ट या मॉडेलला दिलेले नाही. मोबाइल केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले (यूएसबी टेदरिंग) आणि गाडी पुढे सरकली. विंडोज आपोआप सक्रिय झाले, एक अक्षरही की टाइप करावी लागली नाही. त्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडला आहे. 'लायसन्स'चे पैसे मागणाऱ्या केंद्राला तो जरूर दाखवावा.

अजून फिंगरप्रिंट चालत नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवणारे आपले सॉफ्टवेअर संकेतस्थळावर या मॉडेलसाठी नाही. दोन्ही गोष्टी दाखवूनच हा लॅपटॉप मला विकला होता.

म्हणून मागणी अशी की, माझ्या सिरियल नंबरची मूळ रिकव्हरी इमेज (फॅक्टरीतून आलेल्या विंडोजची पूर्ण प्रत) मला पेनड्राइव्हवर किंवा डाउनलोडसाठी विनामूल्य द्यावी. स्टोरेज ड्रायव्हर सुट्या फाइलींच्या स्वरूपात संकेतस्थळावर ठेवावा, म्हणजे पुढच्या ग्राहकाला माझ्यासारखी खटपट करावी लागणार नाही. वॉरंटीत डिस्क बदलल्यावर लायसन्सच्या नावाखाली पैसे घ्यायचे असे कंपनीचे धोरण आहे, की ही त्या केंद्राची स्वतःची कमाई, याचे लेखी उत्तर द्यावे. आणि ज्यांच्याकडून असे पैसे घेतले, त्यांना ते परत करावेत. ते आजोबा स्वतः पत्र लिहिणार नाहीत.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहते त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हेही नमूद करते.

आपली विश्वासू,
एक ग्राहक, सांगली

सोबत : खरेदीच्या बिलाची प्रत, सेवा केंद्राची जॉबशीट, विंडोज सक्रिय झाल्याच्या स्क्रीनचा फोटो