पडदा धरून उभ्या राहिलेल्या दोघींना

परवा आमचा माहितीपट चालू असताना वारा सुटला आणि पडदा, म्हणजे आम्हीच भरतकाम केलेली चादर, फडफडायला लागला. दोघीजणी न सांगता उठल्या आणि शेवटपर्यंत टोकं धरून उभ्या राहिल्या. त्यांना सिनेमा दिसलाच नाही! नावं विचारायची राहून गेली.

चिलीत १९७३ नंतरच्या लष्करी राजवटीत बायकांनी गोणपाटावर कापडाचे तुकडे शिवून बेपत्ता माणसांच्या गोष्टी सांगितल्या. ते पाहून आम्ही सुई हातात घेतली खरी, पण ‘हक्क’मधला अर्धा क गाळला. तो शब्द उसवून पुन्हा भरून देणाऱ्या आजी, मनापासून आभार. (ओरडा मात्र जरा जास्तच झाला.)

आणि एक्स्टेन्शन बोर्डवाले काका, तो आमच्याकडेच राहिलाय.