हिवाळ्यात पेरला म्हणून 'विंटर व्हीट' होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कान्सासच्या विंटर व्हीटवर, म्हणजे कडक थंडी लागणाऱ्या गव्हावर, लेख आला होता. लेख मस्तच, पण शेवटी लेखकाने 'असं वाण विदर्भात का आणत नाही' विचारलं अन् तिथे गाडी घसरली. आपण थंडीत पेरतो खरं, पण आपला रब्बीचा गहू जातीने स्प्रिंग व्हीट आहे, म्हणजे ओंबी यायला त्याला तसली कडक थंडी लागत नाही. तिकडचा सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, बर्फात रोप जमिनीला चिकटून बसतं अन् कापणी थेट जून-जुलैत. शून्याच्या आसपासची थंडी काही आठवडे मिळाली नाही तर तो नीट ओंबीवर येतच नाही. नागपुरात चार दिवस पारा ८ वर आला की आपण शेकोट्या पेटवतो, तेवढ्याने त्याचं काय होणार, नुसतं गवत वाढेल, ढोरांना टाका!

टर्की रेड या तिकडच्या जुन्या विंटर व्हीट वाणाची खरी गंमत तर लेखात राहूनच गेली. १८७४ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी रशियातून तो कान्सासला नेला, पण दाणा इतका कडक की दगडी जात्याच्या गिरण्यांना दळता येईना, गिरणीवाले नाक मुरडायचे. पोलादी रोलर आले तेव्हा कुठे तो पसरला. म्हणजे वाण शेतात जमलं तरी गिरणीत अन् ताटातही जमावं लागतं.

आमच्या लोक-१ गव्हाचं बघा ना. गुजरातच्या सणोसऱ्याचं, लोकभारतीत तयार झालेलं वाण, ४० वर्षं होऊन गेली, तांबेरा रोग पडतो हेही सगळ्यांना माहीत, तरी लोक तोच मागतात. दाणा टपोरा, लवकर निघतो, पोळी मऊ. आमची आई कणीक मळतानाच सांगायची, हा लोक-१ नाही, दुकानदाराने भलतंच दिलं म्हणून.

मागच्या साली कपाशी उपटून गहू पेरायला मला १२ डिसेंबर उजाडला. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं, दाणा दुधात असतानाच सुकला, पोत्यात हात घातला तर जिऱ्यासारखा बारीक. उशिरा पेरणीसाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेएडब्ल्यू-४६२७ हे वाण आहे, ते शोधत आधी तीन दुकानं फिरलो होतो, सगळीकडे एकच, 'ते नाही भाऊ, हे घेऊन जा.'

कान्सास राहू द्या, हे बियाणं दुकानापर्यंत का येत नाही यावर एक पान लिहा, अन् दिवाळीच्या आत लिहा, पेरणी झाल्यावर वाचून काय करू?

आपला,
एक शेतकरी वाचक, नागपूर