गाणाऱ्यांचा गौरव त्यांच्या कानावर पडावा

मा. संपादक,
सप्रेम सलाम.

आपल्या रविवार पुरवणीत एल्विस प्रेस्लीवरचा लेख वाचला. लेख मन लावून लिहिला आहे, माहितीही भरपूर आहे. पण एक मोठी गोष्ट त्यात राहून गेली, म्हणून हे पत्र. जीवनगौरव पुरस्कार बाजूला ठेवला, तर एल्विसला मिळालेले तिन्ही ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांसाठी होते. रॉक अँड रोलसाठी त्याला एकही मिळाला नाही. १९५८ साली त्याची आई वारली, तेव्हा अंत्यविधीला ब्लॅकवूड ब्रदर्स हा क्वार्टेट, म्हणजे चौघा गायकांचा संच, गायला. आणि १९७१ पासून एल्विस जाईपर्यंत रंगमंचावर त्याच्या मागे उभे राहून गात होते ते जे. डी. समनर आणि त्यांचा स्टॅम्प्स क्वार्टेट. ही सगळी माणसे सदर्न गॉस्पेलची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या चर्चमधून वाढलेल्या गाण्याची. एल्विस जगाला ठाऊक आहे. तो ज्यांच्याकडे कान लावून बसायचा, त्यांची नावे आपल्याकडे कुणी घेत नाही.

मी मूळची नगरची. परिचारिकेच्या नोकरीसाठी अमेरिकेत आले, पूर्व टेनेसीत नॉक्सव्हिलला घर केले आणि आता निवृत्त आहे. नगरच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, रेव्हरंड टिळकांची भजने पेटी-तबल्यावर म्हणत माझे बालपण गेले. त्यामुळे इथे आल्यावर रविवारी संध्याकाळी एखाद्या खेड्यातल्या चर्चमधून चार आवाज आणि एक पियानो ऐकू आला की पाय आपोआप तिकडे वळायचे. तेव्हापासून हे गाणे मी ऐकते आहे, आणि गाणाऱ्यांना जवळून पाहते आहे.

या गाण्याचा धंदा सुरू झाला तो पुस्तके खपवण्यासाठी. टेनेसीतल्याच लॉरेन्सबर्ग गावी जेम्स डी. वॉन नावाचे प्रकाशक होते. कागदी बांधणीची, स्वस्त गायनपुस्तके ते छापत. १९१० साली त्यांनी चार गायकांना पगारावर ठेवले आणि गावोगाव पाठवले. गायकांनी गावे, लोकांना गाणे आवडावे, आणि जाताना त्यांनी पुस्तक घेऊन जावे, असा हिशेब होता. गायक लोकांना इतके आवडले की पुढे पुस्तके मागे पडली आणि क्वार्टेट राहिले. या पुस्तकांतले स्वर आकारांवरून ओळखतात. ‘डो’ त्रिकोणी, ‘मी’ शंकरपाळ्याच्या आकाराचा, ‘सोल’ गोल, ‘ला’ चौकोनी. सात स्वरांचे सात आकार. जुन्या रीतीत आधी स्वरांची नावे गायची आणि मग त्याच चालीवर शब्द. सरगम घोटून मोठे झालेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. शेतीची कामे उरकली की गावात दहा-पंधरा दिवसांची गायनशाळा भरायची, तीत शेतकऱ्यांची मुले हे वाचायला शिकायची. पुढे गायक झालेल्या कित्येकांचे संगीताचे सगळे शिक्षण तेवढेच.

मला बोलायचे आहे ते नकाशावर सापडायला कठीण अशा गावांतल्या गायकांविषयी. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर क्लिंटन आहे. तिथल्या मॅककेमी बहिणींनी १९५४ साली गायला सुरुवात केली. पुढे नवरे, मुली, जावई असे घरच त्यात आले आणि २०१९ मध्ये त्यांनी निरोप घेतला. म्हणजे पासष्ट वर्षे एका कुटुंबाने हे गाणे सांभाळले. त्यांतल्या पेग मॅककेमी गाण्यात रंगल्या की पायांतले बूट काढून टाकायच्या आणि लोकांमधून चालत सुटायच्या. स्मोकी पर्वताच्या पलीकडे, नॉर्थ कॅरोलिनात ब्रायसन सिटी आहे. तिथे मार्टिन कुक हे शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. १९६४ साली शाळेतल्या पोरांना घरी बोलावून ते पियानोवर बसू लागले, आणि त्यातून ‘इन्स्पिरेशन्स’ हा क्वार्टेट उभा राहिला. नॉक्सव्हिलच्या रेडिओवर जे. बॅझल मल नावाचे अंध पाळक आणि त्यांच्या पत्नी वर्षानुवर्षे गॉस्पेलचा कार्यक्रम करायच्या. मल यांचा तो खरखरीत आवाज ऐकतच इथल्या कित्येक घरांत सकाळ व्हायची, असे माझ्याबरोबरच्या जुन्या परिचारिका सांगायच्या.

या नामवंतांच्या खाली आणखी एक थर आहे, आणि तोच सर्वांत रुंद आहे. सोमवार ते शुक्रवार गिरणीत, शाळेच्या स्वयंपाकघरात, टपाल खात्यात नोकरी करायची. शुक्रवारी संध्याकाळी व्हॅनच्या मागे सामानाची गाडी जोडायची, शनिवार-रविवार दोन-तीन चर्चमध्ये गायचे, रविवारी मध्यरात्री घरी पोचायचे आणि सोमवारी पुन्हा हजेरी लावायची. मानधन ठरलेले नसते. गाणे संपले की पाळक उभे राहतात, लोकांत टोपली फिरते, आणि त्यात जे पडेल ते गायकांचे. कधी पेट्रोलचे पैसे निघतात, कधी निघत नाहीत. दाराशी टेबल मांडून सीडी विकतात, त्यावर थोडेफार भागते. अशा गायकाची कारकीर्द चाळीस-पन्नास वर्षांची असते आणि तिची नोंद कुठेही नसते.

नोंद ठेवण्याचे प्रयत्न इथे झाले आहेत, तेही सांगायला हवेत. सदर्न गॉस्पेल म्युझिक असोसिएशनने १९९७ पासून मानकऱ्यांची निवड सुरू केली आणि दोनच वर्षांनी पिजन फोर्जला, गायिका डॉली पार्टनच्या डॉलीवूड उद्यानात, संग्रहालय उघडले. मी तिथे जाऊन आले आहे. भिंतीवर एकेकाची पाटी आहे, आणि त्या वाचताना एक गोष्ट मला फार आवडली. गायकांबरोबर तिथे गाणी रचणारे आहेत, प्रकाशक आहेत, कार्यक्रम भरवणारे आहेत आणि पियानोवादकही आहेत. गाणे उभे करायला किती प्रकारची माणसे लागतात, हे त्या भिंतीला ठाऊक आहे.

त्याहून मोठे काम गॉस्पेलचे गीतकार-गायक बिल गेदर यांच्या हातून झाले, असे माझे मत आहे. १९९१ साली नॅशव्हिलमध्ये त्यांनी एका ध्वनिमुद्रणासाठी जुन्या पिढीतल्या गायकांना बोलावले. काम संपले तरी कुणी घरी जाईना. सगळे पियानोभोवती जमले, जुनी गाणी निघाली, आठवणी निघाल्या, आणि कॅमेरा चालू होता. त्या चित्रफितीतून पुढे ‘होमकमिंग’ मालिका सुरू झाली. जेक हेस, व्हेस्टल गुडमन, जेम्स ब्लॅकवूड, ईवा मे लेफेव्हर ही त्यांतली माणसे. त्यांची भरभराटीची वर्षे मागे पडली होती. या मालिकेने त्यांना पुन्हा श्रोते दिले, आणि तेही नव्या पिढीचे. पाटी लावली की नाव राहते. इथे तर गायकांना म्हातारपणी काम मिळाले. मी गौरवाचा यापेक्षा चांगला प्रकार पाहिलेला नाही.

जेम्स ब्लॅकवूड यांच्याकडे पाहताना मला नेहमी १९५४ चा अपघात आठवतो. ३० जूनला ॲलबामातल्या क्लॅंटन गावी त्यांच्या ब्लॅकवूड ब्रदर्स क्वार्टेटचे छोटे विमान कोसळले. विमान चालवणारे त्यांचे पुतणे आर. डब्ल्यू. आणि बेस, म्हणजे खर्जातला आवाज, गाणारे बिल लाइल्स दोघेही गेले. जेम्स जमिनीवरून ते पाहत होते. तरीही त्यांनी क्वार्टेट मोडला नाही. लाइल्स यांच्या जागी समनर आले, आणि तीनच वर्षांनी जेम्स आणि समनर यांनी मेम्फिसमध्ये नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन सुरू केले. हे संमेलन आता आमच्याजवळच्या पिजन फोर्जला भरते. सप्टेंबरात त्या रस्त्यावर गायकांच्या बसगाड्यांची रांग लागते.

आता अगदी जवळून पाहिलेली गोष्ट लिहिते. शेजारच्या तालुक्यातल्या एका छोट्या चर्चमध्ये एका वृद्ध पियानोवादक बाईंचा सत्कार होता. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पोरवयापासून त्या गावातल्या क्वार्टेटबरोबर वाजवत आल्या. पोटासाठी मोज्यांच्या गिरणीत काम केले. तळघरातल्या हॉलमध्ये जेवण मांडले होते: तळलेली कोंबडी, घेवड्याच्या शेंगा, मक्याचा पाव. त्यांच्या गायनपुस्तकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला होता, पाने सुटलेली, कडांना चिकटपट्टी लावलेली. पाळकसाहेबांनी विचारले, या बाईंच्या पियानोवर जे जे गायले असतील त्यांनी उभे राहावे. निम्म्याहून जास्त हॉल उभा राहिला. त्यात पांढऱ्या केसांचे लोक होते, आणि पहिल्यांदाच टाय बांधलेला एक पोरगाही होता.

मग त्यांच्या क्वार्टेटचा टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारा, बोलायला उठला. तो म्हणाला, पन्नाशी उलटली, साठी उलटली, तरी माझा आवाज वर चढतो याचा मला अभिमान होता. एकदा दुसऱ्याच वादकाबरोबर गायची वेळ आली, पुस्तकातल्या मूळ पट्टीत, आणि मला वरचा स्वर लागेना. तेव्हा कळले की या बाई न बोलता, न सांगता, दर चार-दोन वर्षांनी माझी पट्टी उतरवत आल्या आहेत. बाई मान खाली घालून हसत होत्या. आपल्याकडचा पेटीवाला वय झालेल्या भजनीबुवांसाठी काळी दोनवरून पांढरी दोनवर कधी येतो ते बुवांनाही कळत नाही, तसेच हे. मग त्या पियानोवर बसल्या. संधिवाताने बोटे वाकडी झाली आहेत, तरी डाव्या हाताचा ठेका पक्का होता. चौघे गायले आणि तो वरचा स्वर त्या रात्रीही लागला.

त्या संध्याकाळी ढाल मिळाली, फुले मिळाली, आणि मला वाटते ही कदाचित त्यांची शेवटचीच मोठी बैठक असेल. पण टेनरचे ते शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. मृत्युलेखात हेच छापून आले असते तर त्यांना काय कळले असते?

वादकांविषयी मी थोडे हट्टाने लिहिते आहे, त्याला कारण आहे. आमच्याच भागातल्या क्लीव्हलंड गावचा अँथनी बर्गर तान्हा असताना तापलेल्या हीटरवर पडला आणि त्याचे हात भाजले. ही बोटे कामाची राहणार नाहीत असे डॉक्टरांना वाटले होते. तोच पुढे या गाण्यातला सर्वांत लाडका पियानोवादक झाला, आणि २००६ साली, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, वाजवता वाजवता गेला. गायकाचे नाव जाहिरातीवर असते. पियानोवर कोण बसले आहे ते मात्र ऐकणाऱ्यालाच ठाऊक असते.

एक बाजू झाकून ठेवणे बरोबर नाही. सदर्न गॉस्पेल या नावाखाली जे आले ते प्रामुख्याने गोऱ्या गायकांचे जग. वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय गॉस्पेल गायकांची सभागृहे वेगळी होती, वाट वेगळी होती. पण क्वार्टेटची लय, बेसचा तो ठेका यांतले पुष्कळसे गोऱ्यांनी गोल्डन गेट क्वार्टेटसारख्या कृष्णवर्णीय संचांकडून घेतले. वेस्ट व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या क्लॉड जेटर यांचा संच १९४० च्या दशकात नॉक्सव्हिलच्या रेडिओवर गात असे, आणि ‘स्वान सिल्व्हरटोन्स’ हे त्याचे नाव इथल्या स्वान बेकरीवरून पडले. आमच्या गावाने गौरवायच्या गायकांत जेटर यांचे नाव पहिल्या ओळीत असायला हवे. इथल्या लोकांना मी हे बोलून दाखवते, आणि बहुतेकांना ते पटते.

संपादकसाहेब, आता विनंती. आपल्याकडे हे काम कोण करते? १८६२ साली नगरलाच कृष्णराव सांगळे यांनी पहिले ख्रिस्ती कीर्तन केले, आणि तिथून ही परंपरा खेडोपाडी गेली. टिळकांची पदे तर आजही दर रविवारी म्हटली जातात. पण ती गावोगाव नेणारे कीर्तनकार, पेटीवाले, तबलजी, झांजा वाजवणाऱ्या बाया यांची नावे कुठल्या कागदावर आहेत? वारकरी भजनी मंडळांचीही गत वेगळी नसावी. दर एकादशीला मृदंग वाजवणारा माणूस गेला की गावाला चार दिवस हळहळ वाटते आणि विषय संपतो.

आपल्या जिल्हा पानावर आठवड्याला एक चौकट द्यावी. गाव, गुरू कोण, वाद्य कोणते, कुणाकुणाला साथ केली, कोणती पदे आवडीची, एवढे दोनशे शब्दांत बसते. कोणत्याही धर्माचा, कोणत्याही वस्तीतला असो. अट एकच ठेवावी: ज्याच्याविषयी लिहायचे तो हयात असावा आणि अंक त्याच्या हातात पडावा.

नाताळात मी नगरला येते आहे. पहिला मजकूर मीच लिहून पाठवीन. आमच्या मंडळीत आयुष्यभर पेटी वाजवणारे एक काका अजून आहेत. फोन करून त्यांची परवानगी घेतली. ते तयार आहेत, फक्त फोटोत आपला तबलजी शेजारी हवा म्हणतात. म्हणून चौकट दोन माणसे मावतील एवढी ठेवावी.

आपली नम्र,
एक वाचक
नॉक्सव्हिल, टेनेसी (मूळ राहणार नगर)