तारखेवर जाऊ नकोस

डर्बी
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, घरी बिअर करून बघणारेय, सामान आणलंय," आणि मी "बरं, बरं" म्हणून फोन आईच्या हातात दिला. तुला ते तुटक वाटलं असेल. मला आनंद झाला नाही असं नाही. पण त्या विषयातलं एक तुला कधी सांगितलेलं नाही आणि ते फोनवर जमलंही नसतं. म्हणून हे पत्र. सोबतच्या खोक्यात माझं हायड्रोमीटर आहे, द्रव किती दाट आहे ते मोजायचं काचेचं साधन, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं. काच फार पातळ आहे, खोकं उघडताना सुरी खोल घालू नकोस.

1999 चा फेब्रुवारी. तू तीन वर्षांची होतीस आणि आपण त्या जुन्या घरात राहत होतो. मी माझी पहिली बिअर लावली होती: दुकानातून आणलेला माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, पाकाचा डबा, किलोभर साखर, डब्याच्या झाकणाखाली चिकटवलेली यीस्टची पुडी. कागदावर लिहिलं होतं की सात दिवसांनी बाटल्या भरा. आठव्या दिवशी बादलीच्या झाकणावरच्या एअरलॉकमधले, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतले, बुडबुडे थांबलेले दिसले, म्हणजे काम झालं असं मी धरून चाललो. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घातली, झाकणं दाबली आणि छत्तीस बाटल्या जिन्याखालच्या कपाटात ओळीने मांडून ठेवल्या. त्या रात्री मी फार खूश होतो.

मार्चच्या मध्यावर एका शनिवारी दुपारी तू त्याच कपाटासमोर बसून ठोकळ्यांची गाडी लावत होतीस. आईने जेवायला हाक मारली. मी तुला उचलून खुर्चीत बसवलं, वरणभात कालवायला घेतला, आणि आवाज झाला. एक, मग लगोलग दुसरा, तिसरा. अकरा बाटल्या फुटल्या. कपाटाचं दार लागलेलं होतं म्हणून. दाराच्या आतल्या बाजूला काचेचे तुकडे लाकडात रुतून बसले होते, पक्कडीने ओढून काढावे लागले. एक तुकडा दाराखालच्या फटीतून बाहेर आला होता. तुझा लाल ठोकळा जिथे पडला होता, त्याच्या बाजूलाच.

उरलेल्या पंचवीस बाटल्यांना हात लावायची माझी हिंमत नव्हती. कामावरचा गॉगल, जाड कोट, चामडी मोजे घातले, बाटल्यांवर गोधडी टाकली आणि एकेक क्रेट मागच्या अंगणात नेऊन ठेवला. रात्रभर थंडीत राहिल्यावर आतला जोर उतरतो. सकाळी कापडाआडून झाकणं सैल केली आणि सगळी बिअर गटारात ओतली. आई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. तिचं बरोबर होतं.

काय चुकलं ते मला नंतर कळलं. रात्री आम्ही हीटिंग बंद करायचो, कपाट गार पडायचं. यीस्ट मेलं नव्हतं, गारठून झोपलं होतं. माल्टमधली साखर पुरती संपायच्या आत मी बूच मारलं. मार्चमध्ये ऊब आली तसं ते जागं झालं आणि बंद बाटलीत उरलेली साखर खाऊन वायू सोडायला लागलं. बाटलीत फेस यावा म्हणून आपण लिटरला पाचेक ग्रॅम साखर मुद्दाम घालतो. द्रवाचा हायड्रोमीटरवरचा आकडा शेवटच्या आकड्याहून आठ अंक (म्हणजे 0.008) वर असताना भरला तर त्याशिवाय आणखी पंधरा-वीस ग्रॅम आतच राहते. म्हणजे तीन-चार पट जास्त वायू. काच कुठवर धरणार?

पुढच्याच शनिवारी मी हे हायड्रोमीटर आणलं. बुडाशी वजन, वर काचेची बारीक नळी आणि नळीत गुंडाळलेली कागदाची पट्टी. आपल्या गावच्या डेअरीत दुधाच्या मापात सोडायचे ते लॅक्टोमीटर, त्याचाच हा भाऊ. द्रव जितका दाट, म्हणजे साखर जितकी जास्त, तितकं ते वर तरंगतं. साध्या पाण्यात 1.000 दाखवतं. यीस्ट टाकण्याआधी तुझा आकडा 1.045 च्या आसपास यायला हवा. नळी सोडल्यावर बोटांनी जरा फिरव, म्हणजे काचेला चिकटलेले बुडबुडे सुटतात, नाहीतर ते तिला वर उचलून धरतात आणि आकडा खोटा येतो. मग डोळा द्रवाच्या पातळीला आण. काचेलगत द्रव किंचित वर चढलेला दिसेल, तो धरायचा नाही, मधली सपाट रेघ वाचायची. नमुना 20 अंशांच्या जवळपास असू दे, गरम द्रव हलका दाखवतो. आणि वाचून झालेला नमुना परत बादलीत ओतायचा नाही. चाखून बघ.

दहाव्या दिवशी आकडा घे, अकराव्या दिवशी घे, बाराव्या दिवशी घे. तिन्ही दिवस एकच आला आणि तो 1.010 ते 1.014 च्या दरम्यान असला, तरच बाटल्या. 1.020 वर अडकला तर बादली उबदार खोलीत आण, हलकेच गोल फिरव आणि थांब. एअरलॉकवर विश्वास ठेवू नकोस. झाकण जरा सैल असलं तरी बुडबुडे थांबतात, आणि उकाडा वाढला तर काम संपल्यावरही येतात. पहिल्या आकड्यातून शेवटचा वजा करून 131 ने गुणलंस की मद्यार्काची टक्केवारी निघते. 1.045 वरून 1.011 वर उतरली तर साडेचारच्या आसपास.

आता बाकीचं. तुझ्या पातेल्यात आठ-नऊ लिटर पाणी उकळ, त्यात निम्मा माल्टचा पाक घाल आणि उकळीला आलं की 45 ग्रॅम गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी सुकी फुलं, टाक. तासभर उकळायचं, शेवटच्या दहा मिनिटांत आणखी 20 ग्रॅम. पहिली उकळी दुधासारखी उतू जाते, तेवढी पाच मिनिटं शेगडीपासून हलू नकोस. गॅस बंद करून उरलेला पाक विरघळव, एकूण तीन किलो. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार कर, मग बादलीत थंड पाणी घालून वीस लिटर कर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने बिअरला औषधी वास मारतो, म्हणून सगळ्या पाण्याला मिळून क्लोरीन घालवणारी कॅम्पडेन गोळी अर्धी आधीच चुरून टाक. वीस अंशांच्या खाली आलं की यीस्ट, मग 18 ते 20 अंशांत ठेवून द्यायचं.

आपल्या शेजारचं बर्टन गाव तुला आठवतं ना? तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर, त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठून येतो. एकोणिसाव्या शतकात तिथली फिकट एल बिअर पिपांतून जहाजाने मुंबई-कलकत्त्याला जायची. तुमच्या लीड्सचं पाणी मऊ आहे. लोक तुला जिप्सम घाल म्हणतील. पहिल्या खेपेला घालू नकोस, नुसत्या माल्टची आणि हॉप्सची चव आधी कळू दे.

स्वच्छतेचं तुला वेगळं सांगायची गरज पडू नये. लोणच्याची बरणी भरायच्या आधी आजी काय करायची ते तू पाहिलंयस. बरणी उन्हात, हात कोरडे, डाव स्वतंत्र, आणि भरताना कोणी जवळ फिरकायचं नाही. इथेही तेच, फक्त उन्हाऐवजी जंतुनाशक. पातेलं गार झाल्यापासून द्रवाला जे जे लागेल ते सगळं त्यात बुडवलेलं हवं: चमचा, नळी, हायड्रोमीटर, कात्री, यीस्टची पुडीसुद्धा. 2003 मध्ये आजी इथे आली तेव्हा मला वाटलं होतं, बिअरची बादली बघून ती नाराज होईल. तिने झाकणावर नाक नेलं, म्हणाली, "विरजण चांगलं लागलंय, सारखं उघडून बघू नकोस." आणि तिच्या त्या एका वाक्यानंतर मी खरंच सारखं उघडणं सोडलं.

बाटल्या तपकिरीच घे. हिरव्या आणि पांढऱ्या काचेत उजेड शिरतो आणि हॉप्स बिघडून उग्र वास येतो. एकदाच वापरायच्या पातळ बाटल्या नकोत. साखर बाटलीगणिक चमच्याने घालायची नाही, मी तेच केलं होतं. वीस लिटरला 100 ग्रॅम वजन करून कपभर पाण्यात उकळ आणि जंतुनाशकाने धुतलेल्या दुसऱ्या बादलीत आधी ओत, त्यावर बिअर सोड. सारखी मिसळते. भरलेल्या बाटल्या झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेव. एक प्लास्टिकची बाटलीही भर. ती दगडासारखी कडक झाली की समज, आत फेस धरला. दोन आठवड्यांनी एक फोड, आधी गार करून.

इथे ब्रिटनमध्ये 1963 पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. पुण्याला मामाकडे जाशील तेव्हा हा उत्साह इथेच ठेवून जा. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय करणं तिथे गुन्हा आहे.

त्या लाल ठोकळ्याची गोष्ट तुला सव्वीस वर्षं सांगितली नाही. आईनेही कधी विषय काढला नाही. तू लहान होतीस, मग शाळा, मग कॉलेज, आणि सांगायला निमित्तच झालं नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. खरं म्हणजे मला ते तोंडाने बोलवत नव्हतं. तुझ्या फोननंतर दोन रात्री झोप नीट लागली नाही.

खोक्यात हायड्रोमीटरबरोबर त्याची उभी नळी, झाकणं दाबायचं यंत्र आणि शंभर झाकणं आहेत. माझी वहीही आहे, दुसऱ्या खेपेपासूनचे सगळे आकडे तीत आहेत. पहिलं पान कोरं सोडलंय.

बिअर लावशील त्या दिवशी पहिला आकडा मला कळव. कितीही रात्र झाली तरी फोन कर, मी जागा असेन.

तुझा,
बाबा