दोन दिवसांसाठी येऊ नकोस

प्रिय बंड्या,

पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. 'येऊ नकोस' हे तुला कसं सांगावं, तेच सुचत नव्हतं. शनिवार-रविवार सहा समुपदेशक घेऊन येतो, पूरग्रस्तांना गोलात बसवून बोलतं करतो, असं तू लिहिलंस. तुझ्या हेतूबद्दल शंका नाही. पण अनोळखी माणसाने एकाच बैठकीत 'त्या रात्री काय झालं' हे वदवून घ्यायचं, हा प्रकार पूर्वी सर्रास चालायचा. तपासून पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रासच झाला. जागतिक आरोग्य संघटनाही आता तो करू नका म्हणते. २०११ साली निघालेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचं सूत्र साधं आहे: पाहा, ऐका, जोडून द्या.

आमचं घोडं अडलंय ते तिसऱ्यावर. जोडायचं कुणाशी?

शिबिराच्या दारावर हेल्पलाइनचा कागद पहिल्याच आठवड्यात लागला. मोफत, चोवीस तास. आत चार्जिंगला एकच बोर्ड, आणि त्याला लटकलेले फोन बहुतेक पुरुषांचे. एका बाईने नवऱ्याकडून फोन मागून घेतला. तो पाण्यात भिजलेला, आवाज फक्त स्पीकरवर यायचा. पलीकडून कुणीतरी मायेने विचारलं, "काय होतंय, ताई?" एका बाजूला सासू बसलेली, दुसऱ्या बाजूला दीर. मीही तिथेच, चार्जरसाठी ताटकळत. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "काही नाही, नळाला पाणी नाही," आणि फोन ठेवला. तो कॉल कुठल्या रकान्यात गेला असेल, देव जाणे.

आता माझं ऐक. तिसऱ्या आठवड्यात माझी झोप उडाली होती. पत्र्यावर पाऊस वाजला की छातीत धडधड. मी गाडीत जाऊन बसलो, काचा वर केल्या आणि ओळखीच्या डॉक्टरांशी पाऊण तास बोललो. रडलोसुद्धा. तेवढ्यावर सावरलो. त्या बाईला गाडी नव्हती, बंड्या. आणि ऐकू न येणाऱ्यांनी त्या नंबरचं काय करायचं? बाहेरून मजुरीला आलेल्यांना ती भाषाच येत नाही, त्यांनी काय करायचं? कागद लावणाऱ्यालाही मी दोष देत नाही. त्याला सांगितलं होतं कागद लाव, त्याने लावला.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. पाचव्या दिवशी एक माणूस धाकट्या भावाला धरून घेऊन आला. भाऊ रात्रभर भिंतीशी भांडत होता. सगळे म्हणाले, पुराने डोकं फिरलं. पुराने नव्हतं फिरलं. कित्येक वर्षं चालू असलेल्या गोळ्या वाहून गेल्या होत्या, चिठ्ठीसकट. वैद्यकीय पथकाच्या पेटीत ताप, जुलाब, जखमा, सगळ्यावर औषध होतं, याचं नव्हतं. असल्या गोळ्या एकदम तुटल्या की आजार उसळतो, फिट्सच्या गोळ्या तुटल्या तर जिवावर बेतू शकतं. आपत्तीतल्या मदतीची स्फिअर मानकं आहेत, त्यांत मानसिक आजारांच्या प्रत्येक गटातलं निदान एक औषध ठेवा, असं लिहिलंय. आम्हाला ते मिळायला आठ दिवस लागले. तोवर थोरल्याने धाकट्याला दोरीने स्वतःच्या मनगटाशी बांधून झोपवलं. तो दोरीचा वळ मला अजून दिसतो.

सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. २००४च्या त्सुनामीआधी इंडोनेशियाच्या आचे प्रांतात मानसिक आजारांसाठी एकच रुग्णालय होतं. लाटेनंतर ओघाने आलेली मदत तंबूंबरोबर गुंडाळली गेली नाही. परिचारिका तयार केल्या, गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रांत सेवा सुरू झाली. श्रीलंकेतही त्सुनामीनंतर कोलंबोबाहेरच्या जिल्ह्यांत सेवा वाढल्या. म्हणजे जमतं. फक्त मुक्काम करावा लागतो.

इथली पथकं दुसऱ्या पंधरवड्यात गेली. वास्तविक आज न झोपणाऱ्यांतले बरेचजण छप्पर आणि आपली माणसं मिळाली की आपसूक झोपू लागतील. जे नाही सावरणार ते कळायचे नंतर, शिबिर मोडल्यावर, कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर. त्यातही भाडेकरूंची मला जास्त धास्ती वाटते. घरमालकाचं नाव पंचनाम्यात असतं, त्याच्याकडे कुणी ना कुणी परत जातं. भाडेकरू कुठे पांगला, कोण शोधणार?

तेव्हा सहाजणांना दोन दिवस आणू नकोस. एकालाच आण, पण दर पंधरा दिवसांनी, वर्षभर. जमल्यास बाईमाणूस, आणि मजुरांची भाषा येणारी. मानसोपचारतज्ज्ञाला आठवड्यातून एकदा आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला तयार कर, म्हणजे गोळ्यांची चिठ्ठी इथेच मिळेल. मी भाडेकरूंची यादी करतोय, एकशे बारा नावं झालीत, सदतीस जणांचा पत्ताच लागत नाही.

आणि येताना चार-पाच एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन ये, लांब वायरचे. कोपऱ्यातल्या सामानाच्या खोलीपर्यंत पोचतील असे. त्या खोलीला दार आहे.

तुझा,
दादू