आढावा बैठकीत शंकांनाही वेळ द्या

महोदय,

गोवंडी परिसरात २०२२ च्या अखेरीस गोवराची साथ पसरली, तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही गोवर-रुबेलाचा जादा डोस देण्यात आला. हा डोस नेहमीच्या दोन डोसांत धरायचा नाही, नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाच्या सुमाराचा डोस ठरल्या वेळी द्यायचाच, असा नियम होता. साथ ओसरली, पण नियम कागदावर एक आणि लसीकरण सत्रात दोन, ही अडचण मुंबईच्या वस्त्यांत अजूनही दिसते.

बाळाला नुसती सर्दी असली तरी एक परिचारिका लस टोचते, दुसरी ‘बरं झाल्यावर आणा’ म्हणून परत पाठवते. वास्तविक सौम्य सर्दी-खोकला हे लस टाळण्याचे कारण नाही. गोवर-रुबेलाची कुपी उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. एकाच बाळासाठीही ती उघडावी अशी सूचना असली, तरी लस वाया गेल्याबद्दल ज्या एएनएमने (लस टोचणाऱ्या परिचारिकेने) पूर्वी बोलणी खाल्ली आहेत, तिचा हात आखडतो, आणि त्यासाठी तिला दोष देणे मला बरोबर वाटत नाही. गावी जाऊन आलेल्या बाळाचे डोस पहिल्यापासून सुरू करायचे की राहिलेल्या डोसापासून पुढे, यावरही दोन मते ऐकू येतात. उत्तर राहिलेल्या डोसापासून पुढे, असेच आहे. मात्र दोन ठिकाणी दोन उत्तरे मिळालेली आई तिसऱ्यांदा येईलच, याची खात्री कोणी द्यावी?

आरोग्य केंद्रातली मासिक आढावा बैठक आकडे आणि टार्गेट यांतच संपते. व्हॉट्सअॅप ग्रुपवर परिपत्रक पडते, त्याखाली ‘ओके मॅडम’ची रांग लागते आणि ते समजले असे गृहीत धरले जाते.

माझी सूचना एवढीच, की या बैठकीतला अर्धा तास महिनाभरात अडलेल्या प्रसंगांसाठी राखून ठेवावा आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेले उत्तर एका वहीत नोंदवावे, म्हणजे बदलून आलेल्या किंवा कंत्राटावर नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेलाही ते वाचता येईल. जवळच्या, महापालिकेच्या ‘आपला दवाखान्या’तील परिचारिकांना त्यात बोलवावेच, शिवाय आरोग्य सेविका आणि आशा यांनाही, कारण कोणत्या गल्लीतले बाळ का राहून गेले, हे त्यांनाच ठाऊक असते. ही बैठक मात्र कामाच्या वेळेतच घ्यावी.

– एक निवृत्त सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चेंबूर, मुंबई