उच्च शुद्धतेचे म्हणून पाठवलेले जर्मेनियम वेफर मागणीप्रमाणे नसल्याबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: २५ जर्मेनियम वेफरचा सदोष पुरवठा, माल बदलून मिळण्याबाबत किंवा रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीकडून मागवलेले जर्मेनियमचे २५ वेफर (स्फटिकाच्या पातळ चकत्या) गेल्या महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत पोहोचले. माल कसा हवा हे आम्ही खरेदी आदेशात स्पष्ट लिहिले होते: एकाच स्फटिकातून कापलेले, डोपिंग न केलेले (मुद्दाम परके अणू न मिसळलेले), अर्धा मिलिमीटर जाडीचे, एका बाजूने पॉलिश केलेले, आणि ७७ केल्विनला मोजलेले निव्वळ अशुद्धींचे प्रमाण दर घन सेंटिमीटरला १० चा ११ वा घात किंवा त्याहून कमी असलेले. या वेफरवर आम्हाला गॅमा किरणांच्या शोधकासाठी चाचणीचे डायोड बनवायचे असल्याने शेवटची अट हीच खरी अट होती, आणि आलेला माल नेमका तिथेच नापास झाला आहे. आपल्या विक्री प्रतिनिधींशी दूरध्वनीवर दोनदा बोलूनही समाधान न झाल्यामुळे ही लेखी तक्रार करीत आहोत.

पहिली शंका मालाने नव्हे, सोबतच्या प्रमाणपत्राने निर्माण केली. त्यात २७ अंश सेल्सिअसला रोधकता (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ९० ओहम-सेंटिमीटर असल्याचे नमूद आहे. जर्मेनियमची ऊर्जा-फट (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) जेमतेम ०.६६ इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याने खोलीच्या तापमानालाही उष्णतेनेच त्यात भरपूर मोकळे इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या, धनभारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा) तयार होतात, आणि त्यामुळे अगदी निर्दोष जर्मेनियमची रोधकताही त्या तापमानाला ४७ ओहम-सेंटिमीटरच्या आसपासच राहते. थंड खोलीत मोजल्यास आकडा चढतो हे खरे. पण मग तापमान २७ अंश कसे लिहिले? हा आकडा प्रत्यक्ष मोजून लिहिलेला असेल, यावर आमचा विश्वास बसत नाही.

म्हणून आम्ही पाच वेफर स्वतः तपासले. फोर-पॉइंट प्रोबने (चार सुया टेकवून रोधकता मोजणाऱ्या उपकरणाने) २७ अंशांना रोधकता ३ ओहम-सेंटिमीटरच्या आसपास भरली. हॉट प्रोबची तापलेली सुई टेकवताच मापकाचा काटा पी-प्रकाराकडे, म्हणजे होलचे प्राबल्य दाखवणाऱ्या बाजूला, वळला. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन होलच्या सुमारे दुप्पट चपळ असल्यामुळे शुद्ध नमुना या चाचणीत एन-प्रकारासारखा, म्हणजे इलेक्ट्रॉनचे प्राबल्य असल्यासारखा, वागतो. काटा उलट वळतो याचा अर्थ स्फटिकात ॲक्सेप्टर (होल निर्माण करणाऱ्या) अशुद्धी ठाण मांडून बसल्या आहेत. शेवटी एक तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्विनपर्यंत थंड केला. आम्ही मागितलेल्या प्रतीच्या जर्मेनियमची रोधकता इथे हजार ओहम-सेंटिमीटरच्या वर जायला हवी, कारण उष्णतेने तयार झालेले वाहक (मोकळे इलेक्ट्रॉन व होल) नाहीसे होऊन फक्त अशुद्धींनी दिलेले उरतात. आपल्या तुकड्याची रोधकता उलट घटून ०.२ ओहम-सेंटिमीटरवर आली. होल मुळातच विपुल होते, आणि थंडीत ते अधिक चपळ झाले, एवढाच त्याचा अर्थ. या मोजणीतून अशुद्धींचे प्रमाण दर घन सेंटिमीटरला १० च्या १५ व्या घाताच्या घरात निघते, म्हणजे आमच्या मर्यादेच्या दहा हजार पट.

व्यवहारात याचा परिणाम काय होतो, तेही सांगतो. डायोडची संपूर्ण जाडी वाहकमुक्त झाली तरच तो किरण टिपण्यासाठी पूर्ण उपयोगी पडतो. आम्ही मागितलेल्या प्रतीच्या अर्ध्या मिलिमीटर वेफरला त्यासाठी साधारण १४ व्होल्ट पुरतात. आपण पाठवलेल्या वेफरला हिशेबाने सुमारे १ लाख ४० हजार व्होल्ट द्यावे लागतील. तिथवर पोहोचण्याच्या कितीतरी आधी तो डायोड जळून जाईल.

यावर आपल्या प्रतिनिधींचे उत्तर असे होते, की माल ९९.९९९ टक्के शुद्ध आहे आणि तो ‘उच्च शुद्धते’तच मोडतो. नऊच्या अंकांची ही रांग दिसायला भारदस्त असली तरी तिचा अर्थ दर एक लाख अणूंमागे एक परका अणू एवढाच होतो. जर्मेनियमच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ४.४ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू असतात. त्या हिशेबाने आमची मागणी दर ४४,००० कोटी अणूंमागे एका अशुद्ध अणूची होती. रासायनिक शुद्धता आणि विद्युत शुद्धता यांतला हा फरक अर्धवाहकांचा व्यापार करणाऱ्या कंपनीला ग्राहकाने समजावून सांगावा लागावा, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

‘शोधकासाठी जमत नसेल तर थर्मल कॅमेऱ्याच्या खिडकीसाठी वापरा’ हा त्यांचा सल्लाही चुकीचा आहे. जर्मेनियम साधारण २ ते १४ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात पारदर्शक असते आणि त्याचा अपवर्तनांक ४ च्या जवळ असतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण होल अवरक्त प्रकाश अधिक शोषतात, म्हणूनच त्या कामासाठी मुद्दाम ५ ते ४० ओहम-सेंटिमीटरचे एन-प्रकारचे जर्मेनियम घेतात. आपला पी-प्रकारचा माल तिथेही मागच्या रांगेतच बसेल.

वेष्टनाबाबतही तक्रार आहे. नायट्रोजन भरून बंद केलेली पिशवी एका कोपऱ्यात फाटलेली होती. तिरप्या उजेडात धरल्यावर सहा वेफरच्या पॉलिश बाजूवर, कॅसेटच्या खाचांना लागून, दुधाळ पट्टे दिसले. सिलिकॉनच्या ऑक्साइडप्रमाणे जर्मेनियमचे ऑक्साइड पृष्ठभागाचे रक्षण करीत नाही. ते पाण्यात विरघळते आणि दमट हवेत पृष्ठभाग खराब होतो. एक वेफर आम्ही आयनविरहित पाण्याने धुऊन पाहिला, तेव्हा पट्टे फिके झाले, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागी बारीक खळगे उरलेले दिसले. उरलेल्या एकोणीस वेफरचे पॉलिश मात्र उत्तम आहे, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

आमची मागणी अशी आहे, की संपूर्ण लॉट आपल्या खर्चाने परत नेऊन त्याऐवजी आदेशाप्रमाणे माल द्यावा, आणि ज्या स्फटिकातून वेफर कापले असतील त्याच्या दोन्ही टोकांची ७७ केल्विनवरील हॉल मोजणी (चुंबकीय क्षेत्रात वाहकांची संख्या व चपळता काढणारी चाचणी), उपकरणाच्या मूळ नोंदींसह, माल पाठवण्याआधी आम्हाला द्यावी. या प्रतीचा माल आपण बनवतच नसाल तर तसे सरळ कळवावे आणि पूर्ण रक्कम परत करावी; त्याबद्दल आम्ही वाद घालणार नाही. सध्याच्या प्रमाणपत्रावरील ९० हा आकडा कुठे, कधी आणि कोणत्या उपकरणावर मोजला, याचा लेखी खुलासाही हवा आहे. तपासणीसाठी एक वेफर कापावा लागला व एक धुतला गेला. ते दोन्ही उरलेल्या मालासोबतच परत करू.

आमच्या मोजण्यांच्या नोंदी, वेफरची छायाचित्रे आणि आपल्या प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख